हिरव्या भाडेकरूची खोली

६ जानेवारी

भावोजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, घर पडलेलं नाही, नोकरीही शाबूत आहे. लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत तोवर आमच्या कवळ्यांच्या लॅबला मरण नाही. खरं तर फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तुम्ही करवतीच्या आवाजात नुसतं "हॅलो, हॅलो" केलंत आणि ठेवून दिलात. म्हणून लिहायला बसले.

तर काम असं की तुमच्या दादांच्या इग्वानाला पिंजरा हवाय.

तुम्ही त्याला पाहिलंत तेव्हा तो वीतभर होता. यांनी कुठल्याशा बंदरातून कोटाच्या खिशात घालून आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मला वाटलं, पालीचा मोठा भाऊ दिसतोय, राहील भिंतीवर. आता शेपटीसकट आडवा झाला तर माझ्या उंचीला भारी पडेल. मे महिन्यात, हे गेले तेव्हा तुम्ही सगळे आला होतात, तेव्हा तो न्हाणीघरातच होता. म्हणून तर मी सगळ्यांना शेजाऱ्यांकडे अंघोळीला पाठवत होते. नळ बिघडलेला नव्हता.

मी त्याला भाडेकरू म्हणते. भाडं देत नाही आणि जागा सोडत नाही. दिवसभर गिझरच्या डोक्यावर पसरलेला असतो. शेपटीच्या एका फटक्यात शाम्पू, साबण, टूथब्रश सगळं खाली. घाण करायला त्याला भरलेली बादलीच लागते, आणि तीही मी नुकतीच भरलेली. परवा मी तोंडाला साबण लावून डोळे मिटून उभी, तर हा हळूच पाठीवरून खाली उतरला. नखं बघा त्याची! माझा जीव नकोसा केलाय. कुणी नेत असेल तर आजच्या आज देईन, वर पोचवायलाही जाईन.

पण नेतंय कोण? आणि आता घरमालकीणबाईंनी पाहिलाय. तो न्हाणीघराच्या खिडकीत ऊन खात होता, बाई खाली कपडे वाळत घालत होत्या. वर बघितलं आणि धुतलेले कपडे बादलीसकट मातीत. संध्याकाळी येऊन म्हणाल्या, "मी जागा माणसांना दिलीय. मार्चअखेर त्याला बंदिस्त करा, नाहीतर तुम्हीही दुसरीकडे बघा." बोलायला तिखट आहेत, पण चुकीचं काही बोलल्या नाहीत.

यांनी तर "या खेपेला आलो की पिंजरा करतो" म्हणत सात वर्षं काढली. तुम्ही दुकानदारांच्या एवढ्या शोकेस करता. एक याच्यासाठी जमेल का?

धाकट्या जावेला आठवण सांगा.

वहिनी


१५ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. दिवसभर कवळ्या घासून घरी यायचं आणि पुन्हा सरड्याची उस्तवार करायची, हे काही बरोबर नाही. हौस दादाने केली आणि निस्तरताय तुम्ही.

पिंजरा करतो. पण तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. त्याला मीच घेऊन येतो. कारखान्याच्या पुढच्या खोलीत आम्ही तयार शोकेस ठेवतो. तिथे सकाळचं ऊन येतं, जागाही ऐसपैस आहे. घरमालकीणबाईंचा प्रश्न सुटला, तुमचं न्हाणीघर सुटलं, सगळंच मार्गी लागलं.

आमच्या हिला विचारलं. ती म्हणाली, "घरात आधीच एक आहे. खातो, बसून राहतो, हाक मारली तर ऐकू जात नाही. दुसऱ्याने काय फरक पडतोय?" म्हणजे तिची हरकत नाही.

आणखी एक सांगतो. दादाचं म्हणावं असं माझ्याकडे काहीच नाही. तो सदा समुद्रावर आणि मी सदा भुशात. त्याने एवढ्या लांबून जिवापाड जपून आणलेला हा प्राणी माझ्याकडे राहिला, तर मला बरं वाटेल.

मापं कळवा. लांबी, रुंदी आणि काय खातो ते.

तुमचा धाकटा दीर


२४ जानेवारी

भावोजी,

न्या की. मला काय, सुंठीवाचून खोकला गेला.

मापं लिहिते. लांबीपेक्षा उंची जास्त हवी. तो झाडावरचा प्राणी आहे, जमिनीवर त्याला उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. छतापर्यंत नेलंत तरी चालेल. पसरायला वर रुंद फळी लागेल. फांदी त्याच्या अंगाइतकी जाड आणि खरखरीत असू दे. तुम्ही सवयीने पॉलिश पेपर मारून गुळगुळीत कराल, तसं करू नका, त्याचे पाय घसरतात. व्हार्निश लावलंत तर वास पूर्ण जाईपर्यंत त्याला आत सोडायचं नाही. उबेचा दिवा जाळीच्या बाहेरून लावा. एकदा तो टेबललॅम्पला मिठी मारून झोपला आणि पोट भाजून घेतलं, मग मलम लावत बसावं लागलं. न्हायला पसरट टब हवा, पाणी कोमट. गार पाण्यात ठेवलंत तर दिवसभर रुसतो.

खाणं पाल्याचं. मोहरीची पानं, भोपळ्याचा कीस, जास्वंदीची पानं आणि फुलं. पालक रोज नको. मांस, अंडी, दूध यातलं काहीही द्यायचं नाही, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी.

एवढं लांबण लावलं म्हणून मी त्याच्यात जीव अडकवून बसलेय असं समजू नका. शिलाई मशीन दिलं असतं तरी तेल कुठे घालायचं ते सांगितलंच असतं.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पिंजरा तयार झाला. पिंजरा म्हणायला जीभ रेटत नाही, इतका देखणा झालाय. सराफाच्या दुकानात ठेवला तर सराफ आधी तो विकत घेईल. तीन बाजूंनी जाड काच, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, वरती जाळी. तुम्ही सांगितलेली रुंद फळी बसवलीय. फांदीला रंधा लावलेला नाही, हात शिवशिवत होते तरी. व्हार्निशचा वास घालवायला दोन पंखे चालू ठेवलेत.

मागच्या बाजूला एक खास करामत केलीय. ती आत्ता सांगत नाही. सगळं लिहिलं तर बघायला काय उरलं? पुढे खालच्या पट्टीवर दादाच्या नावाची पितळी पाटी लावलीय, जन्मसाल आणि मृत्यूचं साल कोरून. आमची ही म्हणाली, "सरड्याच्या घरावर माणसाची पाटी?" पण मला ते योग्य वाटतं.

येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. त्याला ठेवायला कापडी पिशवी आणि खोका आणतो. तुम्ही फक्त त्याला पकडून द्या. शेपटीचं वाचून मी जरा घाबरलोय, खोटं कशाला सांगू.

तुमचा धाकटा दीर


२० फेब्रुवारी

भावोजी,

नीट पोचलात का? टेम्पोत ठेवताना त्याचं डोकं झाकलंत ते बरं केलंत. डोळ्यांपुढे अंधार असला की तो शांत राहतो. तुम्ही चहा न पिता निघालात, ते मात्र मला आवडलं नाही.

तुम्ही गेल्यावर न्हाणीघर घासून काढलं. किती मोठं आहे ते आत्ता कळलं. टूथब्रश ठेवते तिथेच सापडतो. घरमालकीणबाई वर येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "आता कसं मोकळं वाटत असेल तुम्हाला." मी म्हटलं, हो.

काल बाजारातून सवयीने पाल्याच्या दोन जुड्या आणल्या. एक मी खाल्ली, दुसरी सुकतेय.

तो खातोय ना? सहज विचारतेय. सवड मिळेल तेव्हा कळवा, पण लवकर कळवा.

वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

काळजी करू नका, पाहुणा मजेत आहे. पहिले दोन दिवस वरच्या फळीवर दगडासारखा बसून होता. आता छान रुळलाय. इतका, की दिवसभर मान खाली-वर करून नमस्कार करत असतो! गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो, अंग फुगवतो, रंगही उजळलाय. पुढच्या रस्त्यावरचा चष्मेवाला शोकेसची ऑर्डर द्यायला आला होता, तो तासभर काचेपुढे उभा राहिला. म्हणाला, "असा माणसाळलेला प्राणी जन्मात पाहिला नाही."

आता ती करामत सांगतो. मागची बाजू अख्खी आरशाची केलीय. आमच्या धंद्यात तो नियमच आहे, मागे आरसा असला की एक अंगठी ठेवली तरी दोन दिसतात, माल भरलेला वाटतो. मी म्हटलं, बिचारा जन्मभर एकटा, त्याला जोडीदार असल्यासारखं वाटेल. आणि तसंच झालं. सारखा मागच्या बाजूलाच असतो, स्वतःला बघत. नाक लावून लावून आरसा डागाळून टाकलाय.

खाणं जरा कमी आहे. नवी जागा आहे, होईल हळूहळू. मी रोज काम आटोपलं की त्याच्यापुढे स्टूल टाकून बसतो. दादा आठवतो.

तुमचा धाकटा दीर


२ मार्च

भावोजी,

आरसा काढा. पत्र वाचून व्हायच्या आत उठा आणि आधी त्याच्यावर चादर टाका.

तो नमस्कार करत नाहीये. इग्वाना मान अशी हलवतो ती दमदाटी असते: ही माझी हद्द आहे, चालता हो. गळा आणि अंग फुगवणं त्यातलंच. आरशात त्याला दुसरा नर दिसतोय, त्याच्याएवढाच मोठा, तो हलला की हलणारा आणि कधी माघार न घेणारा. भाडेकरू बारा दिवस भांडतोय. तो खाणार कधी आणि झोपणार कधी?

कारखान्यात दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुम्ही "हॅलो, हॅलो". हे पत्र ओळखीच्या बस ड्रायव्हरकडे देतेय, सकाळी तुमच्या हातात पडेल.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र सकाळी मिळालं, पण उशीर झाला होता. तुम्ही ते लिहीत होतात त्याच संध्याकाळी त्याने आरशावर झेप घेतली. मी समोरच स्टुलावर होतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आरसा तडकला. नाकाजवळची कातडी सोलून निघालीय, रक्त आलं. आमच्या हिने मला बाजूला सारून त्याच्यावर गोणपाट टाकलं, तेव्हा थांबला.

आरसा काढलाय, मागे प्लाय ठोकलंय. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. जखम वरवरची आहे, पण खायला लागला पाहिजे म्हणाले. आणि तो खात नाही. सगळ्या प्रकारचा पाला ठेवून बघितला. हाताने भरवून बघितलं, शेपटीचा वळ अजून दंडावर आहे. रंग तपकिरी पडलाय. पापण्या मिटून बसतो.

मी चांगलं करायला गेलो हो. एवढी वर्षं काचा बसवतोय, पण काचेच्या आत कुणाला कसं वाटत असेल असा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. अंगठीला काय वाटणार?

तो असा रुसला की दादा काय करायचा? दादाला माहीत असणार. तुमच्यापाशी कधी बोलला असेल तर आठवून लिहा. पत्र आणणारा ड्रायव्हर संध्याकाळी बस घेऊन परत निघतोय, त्याच्याच हाती हे देतो.

तुमचा धाकटा दीर


४ मार्च

भावोजी,

दादा काही करायचे नाहीत. दादा जहाजावर असायचे.

वर्षातले चार महिने घरी. तेव्हा पाहुणे आले की त्याला खांद्यावर घ्यायचे, फोटो काढून घ्यायचे आणि परत माझ्या हातात द्यायचे. मला त्याचा राग नाही. माणूस हौशी होता आणि मला तो तसाच आवडायचा. पण पाला मी चिरला. नखं मी कापली. कात टाकताना बोटांना कातडी अडकायची, ती कोमट पाण्यात भिजवून मी सोडवली. पोट भाजलं तेव्हा त्याला मांडीवर उताणा घेऊन मी बसले होते, आणि हे तेव्हा दुसऱ्या टोकाच्या समुद्रात होते. तर आता माझं ऐका.

पाला बारीक चिरा, बोटाच्या पेराएवढा. वर जास्वंदीचं लाल फूल कुस्करा. या पत्राबरोबर माझं रबरी वाडगं पाठवलंय, कवळीचं प्लास्टर कालवतात तसलं. तो त्यातच खातो. यांनी एकदा काचेचं सुंदर भांडं आणलं होतं, त्याला तोंड लावलं नाही. वाडगं वरच्या फळीवर ठेवा. पिंजऱ्याच्या तिन्ही बाजू गोणपाटाने झाका. आणि मग, भावोजी, तिथून निघून जा. स्टूलही उचला. "खा रे बाबा" म्हणत समोर बसू नका. कुणी टक लावून बघतंय म्हटलं की त्याच्या मते ते त्याला खायला आलेलं असतं. चष्मेवाल्याला सांगा, चष्मे बघ.

जखम डॉक्टरांच्या औषधाने पुसताना आधी डोळे झाका. मला इथून सुटता आलं असतं तर मीच आले असते, पण रजा मिळत नाही.

आता मुद्द्याचं. मला तो परत हवाय.

तुम्ही म्हणाल, तुम्हीच तर लिहिलं होतं कुणी नेत असेल तर देईन. लिहिलं होतं. गाऱ्हाणी सगळी खरी होती. पण गाऱ्हाणं केलं म्हणजे नको झालं असं नसतं हो. यांना जहाजावर पत्रं पाठवायचे, त्यात दुसरं काय असायचं? आज पडदा फाडला, आज मला फटका मारला, आज कपाटावरून उतरलाच नाही, तुमच्या या ध्यानाला एकदा घेऊन जा. ते वाचून यांना कळायचं की घरी सगळं ठीक आहे आणि बायको वाट बघतेय. "तुमची आठवण येते" असलं लिहायला मला कधी जमलं नाही, आणि यांना त्याची गरज पडली नाही. जानेवारीत तुम्हाला लिहायला बसले तर हात आपोआप त्याच वळणावर गेला. मी लिहिलं होतं तेच तुम्ही वाचलंत, यात तुमची काही चूक नाही. मग तुम्ही दादांचं नाव काढलंत आणि मला नाही म्हणवेना.

ती पाटी तेवढी काढा. तो यांचं स्मारक नाही. यांची आठवण यायला मला सरडा लागत नाही. तो मला तो म्हणून हवाय. सकाळी दात घासायला गेले की गिझरवरून एक डोळा उघडतो, मीच आहे हे बघतो आणि परत मिटतो. बस, एवढंच. पण गेले पंधरा दिवस मी त्या न्हाणीघरात जाऊन गिझरकडे बघतेय.

वहिनी


१२ मार्च

वहिनी, नमस्कार.

आधी बातमी. खाल्लं. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट बाजूला केलं तर रबरी वाडगं चाटूनपुसून साफ. मी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. आता रोज खातो. नाकावर खपली धरलीय, पाठ पुन्हा हिरवी व्हायला लागलीय.

आता तुमच्या पत्राबद्दल. मला राग आला होता. मी शोकेसवाला आहे, ज्योतिषी नाही. "देणार नाही" एवढे दोन शब्द लिहिले असते, तर त्याचं नाक वाचलं असतं आणि माझा आरसाही. पण आमच्या हिने तुमची जुनी पत्रंही काढून वाचली आणि म्हणाली, "हे तर जानेवारीतच कळत होतं. नको असलेल्या जनावराच्या आंघोळीचं पाणी किती कोमट हवं, हे कुणी लिहितं का?" मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणे, "तेव्हा तुम्ही फक्त मापं वाचून दाखवलीत."

मग वाटलं, तुम्ही मोकळं लिहिलंत तर आपणही लिहावं. दादा गेला तेव्हा सगळे तुमच्याकडे येत होते. भावाला कोण विचारतं? मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी एका बेकरीची शोकेस पुरी केली. रडायला कुठे जागाच मिळाली नाही. हा प्राणी आला आणि मला वाटलं, हा दादाच्या खांद्यावर बसलेला आहे. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसून मी दादाशी बोलावं तसं बोलत होतो. लहानपणच्या गोष्टी, बाबांचा मार, काय काय. तो मान हलवायचा आणि मला वाटायचं, ऐकतोय. खरं म्हणजे तो जिवाच्या आकांताने भांडत होता आणि मी मध्ये बसून गप्पा मारत होतो. हे कळलं तेव्हा फार लागलं मला. तो तुमचाच आहे, वहिनी. वाडग्याने मला पटवलं.

त्याला तात्पुरता आमच्या न्हाणीघरात सोडून पिंजरा सगळा खोललाय. नव्याने जोडतोय. मागे आणि दोन्ही बाजूंना लाकूड, काच फक्त समोर आणि तीही खालच्या अर्ध्या भागात. वर जाळी. फळी आपल्या डोक्याच्या वर येईल अशी घेतलीय, म्हणजे तो आपल्याला बघेल, आपण त्याला नाही. एका कोपऱ्यात खोकं बसवलंय, आत शिरला की शेपटीचं टोकसुद्धा दिसणार नाही. असला माल माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाने परत पाठवला असता. पाटी काढली, स्क्रूची भोकं पुटी भरून बुजवली.

तुमच्या पुढच्या खोलीत खिडकीशेजारी जी भिंत आहे तिची रुंदी मोजून कळवा. मार्च संपायच्या आत घेऊन येतो. या वेळी चहा घेईन.

तुमचा धाकटा दीर


३ एप्रिल

भावोजी,

पिंजरा उत्तम चाललाय. तुम्ही आणि धाकटी गेलात त्या रात्री तो खोक्यातून बाहेर आला नाही. सकाळी वरच्या फळीवर होता, माझ्याकडे पाठ करून. पाला ठेवायला हात घातला तर शेपटीचा असा फटका दिला की मनगट सुजलंय. ओळख बिळख काही नाही, दीड महिना परगावी ठेवल्याचा हिशोब चुकता केला. आज दात घासत पुढच्या खोलीत गेले तेव्हा एक डोळा उघडून बघितलं. म्हणजे आता मिटलं.

परवा घरमालकीणबाई तपासायला आल्या. हातात लांब दांड्याचा झाडू होता. कड्या ओढून पाहिल्या, जाळीवर ठोकून पाहिलं. खूश झाल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा ना हा?" मी म्हटलं, "नाही, माझा."

बाई "बरं" म्हणून खाली गेल्या. मी दार लावून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. मे महिन्यात मी रडले नव्हते. तुम्ही सगळे बघत होतात, आणि बघणारे असले की मला रडता येत नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. यांचा कोट, यांचं कपाट, यांचा प्राणी असं म्हणत होते तोवर हे जहाजावर होते. नेहमीसारखे. आज ना उद्या येणार आणि मी गाऱ्हाणी सांगणार. "माझा" म्हटलं आणि हे गेले, भावोजी. अकरा महिन्यांनी गेले.

रडून उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दिवा लावला, पाला चिरला.

पिंजऱ्याच्या दाराची खालची कड जराशी घासते. दमट हवेने लाकूड फुगलं असेल. रंधा घेऊन एखाद्या रविवारी या, घाई नाही. आणि स्टूल टाकून बसायचं असेल तर स्वयंपाकघरात माझ्यापुढे बसा. तुमचे दादा लहानपणी कसे होते ते मला कुणी सांगितलेलं नाही. ते स्वतः कधी सांगण्याइतके घरी नव्हते.

वहिनी